स्लाइड नंबर चार

परवा शनिवारी सकाळी (म्हणजे माझ्या शनिवारच्या हिशेबाने सकाळी, साडेदहाला) मावसबहिणीचा फोन आला. ती थर्ड इयरला आहे, ई अँड टीसीला. "दादा, सोमवारी सेमिनार आहे. पीपीटी पाठवलीय, फक्त एकदा नजर टाक ना." 'फक्त एकदा नजर टाक' याचा खरा अर्थ काय असतो हे आयटीत काही वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. चहा ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

चोवीस स्लाइड्स, अकरा एमबी. विषय टेलिकम्युनिकेशन नेटवर्कमधले प्रोटोकॉल्स. पहिल्या स्लाइडवर नाव आणि गाईडचं नाव, दुसरीवर अनुक्रमणिका, तिसरीवर 'कम्युनिकेशन म्हणजे काय', आणि चौथीवर.. हो, तोच. सात रंगांचा ढिगारा. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. ओएसआय मॉडेल. मी आजवर जेवढे सेमिनार ऐकले त्यातल्या निम्म्यांत तरी ही स्लाइड होती. विषय ब्लूटूथ असो, व्हॉइस ओव्हर आयपी असो, नाहीतर फाइव्ह-जी असो. सत्यनारायणाच्या पूजेत आधी गणपती बसवतात तसा नेटवर्किंगच्या सेमिनारमध्ये आधी ओएसआय बसवायचा.

मी तिला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, "सात थर का? पाच का नाहीत?"

पलीकडे शांतता. मग, "अरे, स्टँडर्ड आहे ते."

हे उत्तर ऐकून मला हसू आलं नाही, कारण माझ्या स्वतःच्या सेमिनारला हेच उत्तर मी दिलं होतं. तेव्हा आमच्याकडे एक्स्टर्नल म्हणून एक पिकल्या केसांचे सर आले होते. त्यांनी माझं पंचवीस मिनिटांचं भाषण शांतपणे ऐकलं, ब्लॅक बुकची सोनेरी अक्षरं बघितली, आणि फक्त एवढंच विचारलं. मी म्हणालो, "सर, स्टँडर्ड आहे." ते म्हणाले, "कुणी ठरवलं?" मी गप्प. "बरं, तुमच्या लॅबमधल्या पीसीवर यातला पाचवा थर दाखवा." मी आणखी गप्प. मार्क बऱ्यापैकी मिळाले, पण ती दोन मिनिटं अजून आठवतात. सातही थरांची नावं पाठ होती हो, 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे' घोकून घोकून. आमच्या मेसमध्ये सॉसेजही नव्हतं आणि पिझ्झाही, पण ते असो.

तर त्या दोन प्रश्नांची उत्तरं मी नंतर कधीतरी शोधून काढली. शनिवारची दुपार ती बहिणीला सांगण्यात गेली, आणि आता तुम्हाला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. १९७४ साली आयबीएमने एसएनए नावाची स्वतःची नेटवर्किंगची पद्धत आणली. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीने डेकनेट आणलं. बाकीच्याही आपापलं काहीतरी घेऊन आल्या. आयबीएमचं मशीन आयबीएमशी बोलणार, डेकचं डेकशी. जुन्या मोबाईल्सचे चार्जर आठवा, घरात पाच फोन आणि पाच वेगवेगळ्या पिना. फरक इतकाच की इथे एकेका 'पिनेची' किंमत एखाद्या बँकेला घाम फोडेल एवढी होती. एकदा आयबीएमकडे गेलात की पुढची वीस वर्षं आयबीएमचेच.

दुसरीकडे होती युरोपातली सरकारी टेलिफोन खाती. आपल्याकडे पूर्वी पोस्ट आणि तार एकाच खात्यात होतं, तसाच प्रकार. त्यांचं म्हणणं असं की डेटा काय किंवा आवाज काय, तार आमची आहे, तेव्हा नियम आमचे. १९७६ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, सीसीआयटीटीने, एक्स.२५ हे मानक मंजूर केलं. त्यामागची कल्पना ट्रंक कॉलसारखी होती. आधी कॉल लावायचा, नेटवर्क तुमच्यासाठी एक वाट धरून ठेवणार, सगळं क्रमाने पोचवणार, हरवलं तर नेटवर्कच बघून घेणार, आणि अर्थातच बिलही नेटवर्कच लावणार.

याच्या उलट बाजूला लुई पूझँ नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता. त्याच्या सिक्लाद या नेटवर्कमध्ये ट्रंक कॉल नव्हता, पोस्टकार्डं होती. प्रत्येक पाकिटावर पूर्ण पत्ता लिहा आणि पेटीत टाका. कुठलं कुठून जाईल, आधीचं मागाहून पोचेल, एखादं गहाळही होईल. क्रम लावणं आणि हरवलेलं परत मागवणं हे ज्याला पत्र आलं त्याचं काम. मधल्या पोस्टमनने डोकं चालवायचं नाही. यालाच डेटाग्राम म्हणतात. आज तुमच्या-माझ्या फोनमधून जे काही येतं-जातं ते याच तत्त्वावर. विंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी मे १९७४ मध्ये जो प्रसिद्ध पेपर लिहिला, ज्यातून पुढे टीसीपी/आयपी निघालं, त्यावर पूझँच्या कामाची सावली स्पष्ट आहे. पण त्याच्या स्वतःच्या देशातल्या टेलिफोन खात्याला हे पोस्टकार्ड प्रकरण अजिबात आवडलं नाही. सिक्लादचा पैसा आटला, आणि फ्रान्समध्ये एक्स.२५ वर चालणारं ट्रान्सपॅक सुरू झालं.

म्हणजे एका बाजूला आयबीएम, दुसऱ्या बाजूला टेलिफोन खाती, आणि मध्ये बाकी सगळे. या बाकीच्यांना वाटलं की एक खुलं मानक हवं, ज्यावर कुणा एकाची मालकी नाही. ओएसआयमधला 'ओ' म्हणजे 'ओपन', तो तिथून आला. १९७७ साली आयएसओने यासाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं चार्ल्स बाकमन यांना. डेटाबेसच्या कामासाठी १९७३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालेला माणूस, तेव्हा हनीवेलमध्ये होता. हनीवेल म्हणजे आयबीएमची प्रतिस्पर्धी, हे इथे लक्षात ठेवा.

आता सात का? याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच साधं निघालं. बाकमन यांच्या हनीवेलमधल्या चमूने सात थरांची एक रचना आधीच करून ठेवली होती. १९७८ साली समितीची पहिली मोठी बैठक वॉशिंग्टनला भरली, तेव्हा ती रचना तयार होती, आणि तिचाच पाया धरून पुढचं काम सुरू झालं. सात या आकड्यामागे कुठलंही गणित नाही. ऑफिसमध्येही असंच होतं की. मीटिंगला जो डायग्राम काढून आणतो त्याचाच डायग्राम पुढची दहा वर्षं सगळे वापरतात.

पण याचा अर्थ ते थर उगाच होते असा नाही. सहावा थर, प्रेझेंटेशन, आज आपल्याला कशाला हवा ते कळत नाही, पण १९७८ साली तो अगदी खरा प्रश्न होता. आयबीएमच्या मेनफ्रेमवर एबसीडिक नावाची अक्षरांची पद्धत, बाकी बऱ्याच ठिकाणी आस्की. आस्कीमध्ये कॅपिटल 'ए' म्हणजे ६५, एबसीडिकमध्ये १९३. दोन मशीन्स जोडलीत तरी एकाचं दुसऱ्याला वाचताच येणार नाही. मग मध्ये कुणीतरी दुभाषा हवा, आणि तो दुभाषा म्हणजे सहावा थर. आपल्या मराठी लोकांना हे वेगळं समजवायला नको. युनिकोड रुळायच्या आधी एका फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की जो काही कचरा दिसायचा, तो ज्यांनी बघितलाय त्यांना प्रेझेंटेशन लेअर पाठ करावा लागत नाही. :)

पाचवा थर, सेशन, हा टर्मिनलवर बसून मेनफ्रेमशी संवाद करण्याच्या जगातून आलेला. आता कुणी बोलायचं, मध्येच तुटलं तर कुठून पुढे चालू करायचं, वगैरे. पुढे ही दोन्ही कामं ज्याच्या-त्याच्या ॲप्लिकेशननेच उचलली. त्यामुळे आज दहीहंडीच्या भाषेत सांगायचं तर पाचव्या-सहाव्या थरावर गोविंदाच दिसत नाहीत, आणि सातवा मात्र हंडी फोडतोय. एक्स्टर्नल सरांनी मला लॅबच्या पीसीवर पाचवा थर दाखवायला सांगितला तो यासाठी!

बरं, मॉडेल झालं. १९८० मध्ये ह्युबर्ट झिमरमन यांनी त्यावर पेपर लिहिला (हेही आधी पूझँच्या सिक्लादमध्ये काम केलेले), आणि १९८४ साली आयएसओ ७४९८ म्हणून ते अधिकृत छापलं गेलं. नकाशा तयार. आता घर बांधायचं, म्हणजे प्रत्येक थराचे प्रत्यक्ष प्रोटोकॉल ठरवायचे. आणि इथे खरी भांडणं झाली.

समितीत सगळेच होते. कॉम्प्युटर कंपन्या, टेलिफोन खाती, वेगवेगळी सरकारं. ट्रंक कॉलवाले ऐकेनात, पोस्टकार्डवालेही ऐकेनात. मग सरकारी समितीत जे होतं तेच झालं, दोन्ही ठेवा. नेटवर्क थरात एक्स.२५ सारखाही मार्ग आणि सीएलएनपी हा डेटाग्रामचाही मार्ग. ट्रान्सपोर्ट थराचे तर एक-दोन नाही, पाच प्रकार, टीपी-० पासून टीपी-४ पर्यंत. टीपी-४ हा बराचसा आपल्या टीसीपीसारखा, टीपी-० मध्ये जवळजवळ काहीच नाही. प्रत्येकाला खूश ठेवलं की कुणाचंच सॉफ्टवेअर कुणाशी धड जुळत नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं मांडलं होतं ती तेवढी राहून जाते.

ही मंडळी बैठका घेत असताना तिकडे टीसीपी/आयपी चालू झालंसुद्धा. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी घेतलं. त्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली, तिच्यात टीसीपी/आयपी आतच घातलेलं. विद्यापीठांना ते सोर्स कोडसकट मिळत होतं, म्हणजे टेप आणायची, चढवायची, सुरू. कागदपत्रांचंही तसंच. इंटरनेटवाल्यांची आरएफसी कुणीही फुकट उतरवून घ्यावीत. पहिली आरएफसी एप्रिल १९६९ ची, आजही वाचायला मिळते. आयएसओची मानकं मात्र विकत घ्यावी लागत. एखाद्या एम.टेक.च्या पोराने रात्री दोन वाजता कुठला प्रोटोकॉल लिहून बघितला असेल, फुकट मिळणारा की परचेस ऑर्डर काढून मागवावा लागणारा? ओएसआय हरण्याची पुस्तकांत बरीच कारणं असतात. माझ्या मते हे एकच अर्ध्याहून जास्त आहे.

पण गंमत अशी की त्या काळी ओएसआय हरेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. खुद्द अमेरिकन सरकारने, ज्यांच्या संरक्षण खात्याच्या पैशातून टीसीपी/आयपी जन्मलं त्यांनीच, १९८८ साली गॉसिप नावाचं फर्मान काढलं की ऑगस्ट १९९० पासून सरकारी खरेदीत ओएसआय हवंच. (नाव खरंच गॉसिप होतं, मी बनवत नाहीये.) टीसीपी/आयपी हे तात्पुरतं, खरं सिमेंटचं घर येतंय, तोवर पत्र्याच्या शेडमध्ये भागवा, असा एकंदर सूर. आणि याच काळात नेटवर्किंगची क्रमिक पुस्तकं लिहिली जात होती. टॅननबॉम यांचं 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' १९८१ साली आलं ते ओएसआयचे थर धरूनच. आपण अजून खालून वर एकेक थर शिकतो, ते मला वाटतं त्यामुळेच. ज्या वर्षी पुस्तक लिहिलं त्या वर्षीचा होणारा राजा त्यात राहून गेला. पुढे टॅननबॉम यांनीच नंतरच्या आवृत्त्यांत ओएसआयवर सडकून टीका केली, पण ते पान सेमिनारच्या स्लाइडवर कधी येत नाही.

१९९२ मध्ये शेवटचा मोठा खटका उडाला. आयपीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे साधारण ४३० कोटी, आणि ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं होतं. जपानमध्ये कोबेला जून महिन्यात परिषद झाली, तिथे इंटरनेटच्या वरिष्ठ मंडळाने सुचवलं की पुढचं आयपी ओएसआयच्या सीएलएनपीवर बेतू या. इंजिनिअर मंडळी खवळली. जुलैत आयईटीएफच्या बैठकीत डेव्हिड क्लार्क यांनी ते गाजलेलं भाषण केलं, ज्याचा मथितार्थ असा की आम्हाला राजे नकोत, मतदानही नको, साधारण एकमत आणि चालणारा कोड एवढ्यावर आमचा विश्वास. त्याच बैठकीत विंट सर्फनी, जे नेहमी थ्री-पीस सूटमध्ये असतात, सूट उतरवून आतला टी-शर्ट दाखवला. त्यावर लिहिलं होतं 'आयपी ऑन एव्हरीथिंग'. सीएलएनपीचा प्रस्ताव बारगळला आणि १९९५ मध्ये अमेरिकन सरकारनेही आपलं फर्मान सैल केलं.

आता इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपवायचा मोह होतो. चालणारा कोड जिंकला, समित्या हरल्या. इंजिनिअरला आवडेल असाच शेवट. पण मला इथे जरा थांबावंसं वाटतं. सीएलएनपीचे पत्ते वीस बाइटपर्यंत जात होते, म्हणजे आजच्या आयपीव्ही६ च्या सोळा बाइटांपेक्षाही मोठे. आयपीव्ही४ चा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि इतकी वर्षं झाली तरी आपण नॅटच्या ठिगळावर दिवस काढतोय. घरात दहा उपकरणं आणि बाहेरून पत्ता एक, तोही कधीकधी आख्ख्या एरियात वाटून घेतलेला. म्हणजे समितीत बसलेली माणसं मूर्ख नव्हती. त्यांना पुढचं दिसत होतं, फक्त ते वेळेत चालवून दाखवता आलं नाही.

आणि हे सगळं तिकडचंच, असंही नाही. १९८६ मध्ये आपल्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास निधीतून अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएससी, दिल्लीत खातं स्वतः, आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी, जिचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमाणी. पहिली एक-दोन वर्षं फक्त ईमेल, तीही डायल-अपवर. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई ९.६ केबीपीएसची पहिली लीज्ड लाइन आली. माझ्या बहिणीची अकरा एमबीची पीपीटी त्या लाइनवरून दिल्लीला पाठवायची म्हटली तर बाकी सगळं बंद ठेवून अडीच तास लागले असते. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला ६४ केबीपीएसचा दुवा जोडला गेला.

आता महत्त्वाची गोष्ट. अर्नेटच्या त्या कण्यावर सुरुवातीला दोन्ही भाषा चालायच्या, टीसीपी/आयपी पण आणि ओएसआयचं आयपी पण. म्हणजे जुहूत बसलेल्या लोकांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं की यातलं कोण टिकणार, आणि त्यांनी शहाणपणाने दोन्ही दारं उघडी ठेवली. १९९५ पासून जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि त्यातल्या महागड्या, चित्रं दिसणाऱ्या खात्याचं नावच होतं 'टीसीपी/आयपी अकाउंट'. स्वस्तातलं ते शेल अकाउंट, नुसती अक्षरं. जगभर चाललेल्या भांडणाचा निकाल आपल्याकडे असा फॉर्मवर छापून आला.

हे सगळं ऐकून बहीण म्हणाली, "म्हणजे ओएसआय मेलंय. मग आम्हाला कशाला शिकवतात?"

मेलं म्हणता येत नाही. आमच्या ऑफिसमध्ये रोज कुणीतरी 'एल-फोर लोड बॅलन्सर लावू की एल-सेव्हन' असं म्हणतंच. (एल-फाइव्ह आणि एल-सिक्स हे शब्द मात्र नोकरीत एकदाही ऐकले नाहीत.) ब्राउझरमध्ये सुरक्षित साइटची जी सर्टिफिकेटं असतात ती एक्स.५०९ प्रकारची, १९८८ सालची, त्याच घराण्यातली. सकाळी ऑफिसच्या मशीनवर लॉगिन करता तेव्हा मागे जे एलडॅप असतं, त्यातला 'एल' म्हणजे 'लाइटवेट'. कशाच्या तुलनेत हलकं? तर ओएसआयच्या एक्स.५०० च्या. मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांचे राउटर एकमेकांशी आयएस-आयएसमध्ये बोलतात, तोही मूळचा ओएसआयचाच. घर बांधून झालंच नाही, पण दारं-खिडक्या लोकांनी उचलून नेल्या आणि आपापल्या घरांना बसवल्या.

दुपारी आम्ही दोघांनी मिळून चोवीसच्या सतरा स्लाइड्स केल्या. व्याख्यांच्या काढल्या, ट्रंक कॉल विरुद्ध पोस्टकार्डची एक घातली, एबसीडिकच्या १९३ ची एक घातली. चौथी स्लाइड उडवूनच टाक म्हणालो तर ती घाबरली. म्हणाली मॅडमना विचारते.

रविवारी रात्री अकराला मेसेज आला, "दादा, मॅडम म्हणाल्या डायग्राम पाहिजेच, नाहीतर मार्क कापतील. ठेवलाय. पण चौथ्यावरून अकराव्यावर नेलाय, आणि खाली १९८४ लिहिलंय. कुणी सात का विचारलं तर हनीवेलचं सांगू ना?"

सांग म्हणालो.